शेअरिंगचा फ्लॅट मध्येच सोडायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या शहरात नोकरी लागली, ट्रान्सफर झाली, एमएसला चाललोय, लग्न ठरलं, घरी आईवडिलांना बघायला परत जायचंय... कारण काहीही असो, तिघाचौघांनी मिळून घेतलेला फ्लॅट करार संपायच्या आधी सोडायची वेळ खूप जणांवर येते. मी पुण्यात वाकडला दोन मित्रांबरोबर टू बीएचकेमध्ये राहायचो आणि मध्येच हैदराबादला गेलो, तेव्हा ज्या चुका केल्या त्या निस्तरायला आठ महिने गेले. नंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांचे हे व्यवहार जवळून बघितले, काहींना मदत केली, आणि प्रत्येक वेळी तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून काढतोय. हे महाराष्ट्रातल्या लिव्ह अँड लायसन्स कराराबद्दल (ठरावीक मुदतीसाठी जागा राहायला द्यायचा नेहमीचा करार) आहे, त्यातही पुण्याकडची पद्धत डोळ्यासमोर ठेवून. दुसऱ्या राज्यात कायदे वेगळे आहेत.

मी सामान घेऊन बाहेर पडलो, चावी रूममेटकडे दिली. आता माझा संबंध संपला ना?

नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. घर सोडणं वेगळं आणि करारातून सुटणं वेगळं. अ‍ॅग्रीमेंटवर तिघांची नावं, तिघांचे फोटो, तिघांचे अंगठे असतील तर मालकाच्या दृष्टीने तुम्ही तिघं मिळून एक पार्टी आहात. भारतीय करार कायदा १८७२, त्यातलं कलम ४३ असं सांगतं की अनेकांनी मिळून एखादं वचन दिलं असेल आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर समोरचा माणूस त्यातल्या कोणाही एकाकडून पूर्ण पैसे मागू शकतो. म्हणजे भाडं २७,००० असेल आणि मागे राहिलेल्या दोघांनी ते थकवलं तर मालक हैदराबादला बसलेल्या तुम्हाला ९,००० नाही, पूर्ण २७,००० मागू शकतो, आणि मग तुम्ही तुमच्या मित्रांकडून त्यांचा वाटा वसूल करत बसायचं (तो हक्क तुम्हाला त्याच कलमाने दिलाय, पण मित्राकडून वसुली करणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत).

माझ्या बाबतीत हेच झालं. मी एप्रिलमध्ये निघालो, "तू जा रे, आम्ही बघतो इकडचं" असं बोलणं झालं, मीही निवांत. डिसेंबरमध्ये मालकांचा फोन, दोन महिन्यांचं भाडं आलेलं नाही आणि अ‍ॅग्रीमेंटवर पहिलं नाव तुमचं आहे. मित्र वाईट नव्हते, एकाचा जॉब गेला होता आणि त्याने लाजेपायी कुणालाच सांगितलं नव्हतं. पण माझ्याकडे सुटल्याचा एकही कागद नव्हता.

मग अ‍ॅग्रीमेंटमध्ये नेमकं काय बघू? पंधरा पानं आहेत, काही कळत नाही.

पंधरा पानं वाचायची गरज नाही, पण चार गोष्टी आजच शोधा. नोंदणी विभागाच्या ऑनलाइन पद्धतीने केलेल्या करारांमध्ये मसुदा बऱ्यापैकी ठरलेला असतो त्यामुळे सापडायला सोपं जातं.

पहिलं, मुदत. ११ महिने आहे की २४ की ३६, आणि कुठल्या तारखेला संपतेय. दोन महिनेच उरले असतील तर सगळी उठाठेव करण्यापेक्षा तुमच्या वाट्याचं दोन महिन्यांचं भाडं भरून शांतपणे बाहेर पडणं बऱ्याचदा स्वस्त पडतं.

दुसरं, लॉक-इन पिरियड, म्हणजे ज्या काळात जागा सोडायची नाही असं ठरलेलं असतं तो. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

तिसरं, नोटीस. नेहमीच्या मसुद्यात लॉक-इन संपल्यावर एक महिन्याची लेखी नोटीस देऊन जागा सोडता येते असं असतं. यातला "लेखी" शब्द महत्त्वाचा आहे.

चौथं, पोटभाड्याची अट. जागा किंवा जागेचा भाग दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही असं जवळपास प्रत्येक करारात असतं. म्हणजे मालकाला न विचारता तुमच्या जागी नवीन मुलगा आणून ठेवणं हा करारभंग आहे, आणि तो तुमच्यासकट सगळ्यांनी केलेला धरला जातो.

करार पीडीएफमध्ये नसेल तर एजंटकडून किंवा मालकाकडून मागून घ्या. बऱ्याच जणांकडे स्वतःच्याच कराराची कॉपी नसते, हे बघून मला अजूनही आश्चर्य वाटतं.

लॉक-इन सहा महिन्यांचं आहे आणि मला तिसऱ्याच महिन्यात जायचंय. उरलेलं सगळं भाडं द्यावं लागेल का?

करारात तसं लिहिलेलं असतं खरं. नेहमीच्या मसुद्यातली भाषा अशीच आहे की लॉक-इनमध्ये कुठल्याही कारणाने जागा सोडली तर उरलेल्या लॉक-इनचं भाडं द्यायचं. पण दोन गोष्टी लक्षात घ्या.

एक म्हणजे अख्खा फ्लॅट रिकामा होत नाहीये. बाकीचे दोघं राहतायत, मालकाला पूर्ण भाडं मिळतंय आणि तुमच्या जागी नवीन माणूस येतोय, तर मालकाचं नुकसान काय झालं? बहुतेक मालकांना हे नीट समजावून सांगितलं तर पटतं, फक्त "मी चाललोय" असं न म्हणता "मी चाललोय, हा माणूस येतोय, हे त्याचे कागद, भाडं एक दिवसही चुकणार नाही" असं सांगायचं.

दुसरं म्हणजे करारात दंडाची रक्कम लिहिली म्हणून कोर्टात ती आपोआप पूर्ण मिळते असं नाही. करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं की वाजवी भरपाई मिळेल, लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा. आणि कलम ७३ चं स्पष्टीकरण आहे की नुकसान ठरवताना ते टाळायला समोरच्याकडे काय मार्ग होते हेही बघितलं जातं. म्हणजे पंधरा दिवसांत नवीन भाडेकरू मिळालाय आणि तरी तीन महिन्यांचं भाडं मागताय हे टिकवणं मालकाला सोपं नाही. पण हे बोलण्यात वजन यावं म्हणून माहीत असू द्या, पहिल्याच फोनवर कलमं सांगू नका. कलम ऐकलं की साधा सरळ माणूसही वकिलाकडे जातो आणि मग बोलणीच थांबतात.

मालकांना कसं आणि कधी सांगू?

ऑफर लेटर हातात आलं की त्याच आठवड्यात. आधी फोन करा किंवा शक्य असेल तर भेटा, मग त्याच दिवशी लेखी पाठवा. आधी रूममेटला सांगा मात्र, त्यांना मालकांकडून कळलं तर ते मनाला लागतं आणि पुढचं सगळं बिघडतं.

ईमेल सगळ्यात बरं, नसेल तर व्हॉट्सअ‍ॅप चालेल पण त्यांचं उत्तर यायला हवं, नुसत्या निळ्या टिका पुरेशा नाहीत. मी अलीकडे एका मैत्रिणीला असा मेसेज लिहून दिला होता:

"नमस्कार काका, मला बंगळुरूला नोकरी मिळाली आहे त्यामुळे मी ३१ ऑगस्टला फ्लॅट सोडत आहे. आपल्या अ‍ॅग्रीमेंटमधल्या अटीप्रमाणे ही माझी एक महिन्याची लेखी नोटीस समजावी. बाकीच्या दोघी राहणार आहेत. माझ्या जागी येणाऱ्या मुलीचं आधार, पॅन आणि कंपनीचं पत्र तुम्हाला १५ तारखेपर्यंत पाठवते, तुम्ही तिला एकदा भेटून घ्या. माझं नाव काढून नवीन अ‍ॅग्रीमेंट कधी करता येईल ते सांगा. डिपॉझिटमधला माझा वाटा २५,००० रुपये आहे, तो तुमच्याकडून मिळेल की नवीन मुलीकडून घेऊ तेही कळवा. कृपया मेसेज मिळाल्याचं उत्तर द्या."

काकांनी अर्ध्या तासात "ठीक आहे बेटा, रविवारी या" असं उत्तर दिलं. त्या एका ओळीचा तिने स्क्रीनशॉट काढून ठेवला, मीच सांगितलं होतं. एक सांभाळा, एकट्याच्या नोटिशीने तिघांचा अख्खा करार संपतो असं धरून चालू नका. ती तुमच्या निघण्याची लेखी नोंद आहे, सुटका पुढच्या कागदाने होते.

सुटका होते तो कागद कुठला?

सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे जुना करार सगळ्यांच्या संमतीने संपवायचा आणि राहणारे अधिक नवीन माणूस यांच्या नावाने नवीन करार नोंदवायचा. जुना करार अमुक तारखेला संपला आणि जाणाऱ्याकडे काही बाकी नाही, असं एक पान मालक आणि सगळ्या जुन्या भाडेकरूंच्या सह्यांनी करून घ्या. ते पान तुमच्यासाठी त्या नवीन कराराहून मोलाचं आहे.

नवीन करार लगेच शक्य नसेल तर किमान मालकाचं सही केलेलं पत्र घ्या की अमुक तारखेपासून अमुक व्यक्ती या करारातून मोकळी झाली असून त्यानंतरच्या भाड्याची किंवा नुकसानीची जबाबदारी तिच्यावर नाही. त्यावर राहणाऱ्या रूममेटच्याही सह्या हव्यात. कारण करार कायद्याचं कलम ४४ असं आहे की मालकाने एकाला मोकळं केलं तरी बाकीचे मोकळे होत नाहीत, आणि मोकळा झालेला माणूस आपल्या सहकाऱ्यांच्या देण्यातून आपोआप सुटत नाही. सोप्या भाषेत, मालकाने सोडलं तरी मित्र मागू शकतात. म्हणून सह्या दोन्हीकडच्या.

परत नवीन अ‍ॅग्रीमेंट म्हणजे खूप खर्च होईल ना? मालक म्हणतात जुनंच चालू दे.

खर्चाच्या भीतीनेच लोक टाळतात आणि प्रत्यक्षात हिशोब करून बघितलेलाच नसतो. ११ महिन्यांचा करार, भाडं २७,०००, डिपॉझिट ७५,००० धरा. स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के, ती एकूण भाडं म्हणजे २,९७,००० आणि त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवून काढतात. होतात साडेसातशे-पावणेआठशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. वर अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येणाऱ्या एजंटची फी. तीनचार जणांत वाटलं तर बाहेर एकदा जेवायला जाण्याइतका खर्च आहे. माझं स्पष्ट मत आहे की जाणाऱ्याने हा सगळा खर्च स्वतः उचलावा. अडचण तुमच्यामुळे आलीय आणि फायदाही सगळ्यात जास्त तुमचाच आहे. "खर्च मी करतो, एजंटही मीच बोलावतो, तुम्ही फक्त पंधरा मिनिटं द्या" असं म्हटलं की मालकाचा विरोध निम्मा तिथेच संपतो.

नवीन माणसाची पोलिसांकडे भाडेकरू म्हणून माहिती द्यायचीही आठवण करा. ते मालकाचं काम असलं तरी ऑनलाइन फॉर्म भरायला बऱ्याच काका-काकूंना मदत लागते, भरून द्या.

माझ्या जागी माणूस शोधायचं काम कुणाचं?

कायद्याने कुणाचंच नाही, रीतीने तुमचं. पण पसंती राहणाऱ्यांची. तुम्ही चार जण दाखवा, ज्यांना त्याच्याबरोबर राहायचंय त्यांनी एक निवडावा. व्हेज-नॉनव्हेज, नाइट शिफ्ट, घरी कोण येणार-जाणार, स्वयंपाकाच्या मावशींचे पैसे कसे वाटायचे, हे आधीच मोकळेपणी बोलून घ्या. पुण्यात जून-जुलैमध्ये कॉलेजं आणि नवीन जॉइनिंगमुळे माणूस पटकन मिळतो. पितृपक्षात आणि दिवाळीच्या आठवड्यात शोधाशोध मंदावते, तुमची तारीख त्या सुमाराला येत असेल तर महिनाभर आधीच सुरुवात करा. महिनाभर कुणी मिळालं नाही तर तुमच्या वाट्याचं एक जादा महिन्याचं भाडं द्यायची तयारी ठेवा आणि तसं आधीच बोलून टाका, म्हणजे मागच्यांना टांगणीला लागल्यासारखं होत नाही.

अ‍ॅग्रीमेंट फक्त एका रूममेटच्या नावावर आहे, माझं नाव कुठेच नाही. मग मी मोकळा?

मालकाच्या बाजूने बऱ्यापैकी मोकळे आहात, पण डिपॉझिटच्या बाजूने लटकलेले आहात. मालकाच्या लेखी तुमचं अस्तित्वच नाही, त्यामुळे तुमचे पैसे ज्याच्या नावावर करार आहे त्याच्याकडूनच मागावे लागणार. त्याला तुम्ही पैसे दिले होते त्याची बँकेची नोंद किंवा यूपीआयची एन्ट्री शोधून ठेवा, कॅश दिली असेल तर आत्ता गोडीगुलाबी आहे तोवर "तुझ्याकडे माझे २५,००० डिपॉझिटचे आहेत" असा मेसेज टाकून त्याचा होकार घ्या.

उलटी केस जास्त अवघड आहे, म्हणजे करार तुमच्या एकट्याच्या नावावर आहे, जाणारेही तुम्हीच आणि बाकीचे तिथेच राहणार. असं अजिबात करू नका. त्या घरात काहीही झालं, भाडं थकलं, सोसायटीत भांडण झालं, मुदत संपूनही कुणी हललं नाही, तरी कागदावर तुम्हीच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ प्रमाणे मुदत संपूनही जागा सोडली नाही तर करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू शकते. इथे नवीन करार होईपर्यंत निघायचंच नाही, किंवा सगळ्यांनी मिळून घर रिकामं करून मालकाच्या हातात चावी द्यायची.

आमचं अ‍ॅग्रीमेंट नोंदवलेलंच नाही, नुसतं नोटरी केलंय. काही फरक पडतो?

पडतो, आणि तो तुमच्या बाजूने. त्याच १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ म्हणतं की लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, ११ महिन्यांचा असला तरी, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदणीकृत करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. त्यामुळे नुसत्या नोटरीच्या कागदावरचं कडक लॉक-इन दाखवून कुणी घाबरवत असेल तर शांत राहा.

डिपॉझिट कुणाकडून घ्यायचं, मालकाकडून की नवीन माणसाकडून?

शेअरिंगमध्ये पद्धत अशी पडलीय की नवीन माणूस जाणाऱ्याला थेट पैसे देतो आणि मालकाकडची रक्कम तशीच राहते. सोयीचं आहे, चुकीचंही नाही, पण त्यात एक खोच आहे. तुम्ही असताना भिंतीला गेलेला तडा किंवा बंद पडलेला गिझर याचे पैसे वर्षभराने नवीन माणसाच्या डिपॉझिटमधून कापले जातात आणि तो तुम्हाला फोन करतो. म्हणून तुम्ही निघताना तिघाचौघांनी एकदा घरभर फिरून जे खराब झालंय ते लिहून काढा, त्याचे पैसे तेव्हाच ठरवून कापा. आणि नवीन करारात डिपॉझिटची पूर्ण रक्कम नवीन नावांकडून मिळाली असं मालकाकडून लिहून घ्या, नाहीतर नवीन माणसाचे पैसे अधांतरी राहतात. तो अनोळखी असला तरी त्याची एवढी काळजी आपण घ्यायला हवी.

दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेताच येत नाही असं कुठेतरी वाचलेलं असेल. ते २०२१ च्या केंद्राच्या मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्टमधलं आहे. तो नमुना कायदा आहे, राज्याने स्वतःचा कायदा करून स्वीकारला तरच लागू होतो. त्याचा हवाला देऊन मालकाशी वाद घालू नका.

रंगाचे म्हणून १५,००० कापतायत. बरोबर आहे का?

आधी करारात बघा. रंगासाठी एक महिन्याचं भाडं कापायचं असं लिहून सही केली असेल तर बोलायला जागा कमी. काही लिहिलेलं नसेल तर नेहमीच्या वापराने होणारी झीज आणि नुकसान यातला फरक धरून बोला. खिडकीजवळचा रंग उन्हाने उडाला, दारामागे हँडल लागून लागून गोल डाग पडला, पलंगाच्या उशाला डोकं टेकून भिंत काळपट झाली, ही झीज. टीव्हीसाठी पाडलेली आठ भोकं, शेगडीमागच्या टाइल्सवर तेलाचा चिकट पिवळा थर, डबल टेपने निघालेले पापुद्रे, हे आपलं काम. भोकं व्हाइट सिमेंटने बुजवता येतात, तेलाचा थर सोडा आणि गरम पाण्याने दोन तास घासला की निघतो. मी निघताना हे केलं नव्हतं, आणि किचनच्या एका भिंतीसाठी अख्ख्या घराच्या रंगाचे पैसे गेले.

निघायच्या दिवशी रिकाम्या घराचा सलग व्हिडिओ काढा. प्रत्येक नळ चालू करून, प्रत्येक पंखा लावून, कपाटं उघडून, मीटरचं रीडिंग दाखवून. पाच मिनिटं लागतात.

मालक डिपॉझिट देतच नाहीत, फोनही उचलत नाहीत.

आधी लेखी मागणी, तारीख घालून, पंधरा दिवसांची मुदत देऊन. मग वकिलाची नोटीस, स्पीड पोस्टाने. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात, कारण घर मालकाच्या नावावर आहे, तो कुठे पळून जात नाही. तरी नाही झालं तर कोर्ट, पैसे परत मिळण्याच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, तेव्हा "बघू पुढच्या ट्रिपला" करत वर्षं घालवू नका. पोलीस स्टेशनला जाऊन डिपॉझिट मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, हा दिवाणी व्यवहार आहे असंच ते सांगतील. आणि शेवटच्या दोन महिन्यांचं भाडंच न देता डिपॉझिट वसूल करायची आयडिया शेअरिंगमध्ये वापरू नका, तुमच्या न भरलेल्या भाड्यासाठी तगादा मागे राहिलेल्यांना लागतो.

महिन्याच्या मध्यात निघतोय. भाडं, लाइट बिल कसं वाटायचं?

भाडं दिवसांवर किंवा पूर्ण महिन्याचं, जे आधी बोललात तसं. महावितरणचं बिल तुम्ही गेल्यावर येतं, म्हणून निघताना मीटरचा फोटो ग्रुपवर टाका आणि मागच्या बिलाच्या अंदाजाने थोडे पैसे देऊन हिशोब मिटवा. वायफाय तुमच्या नावावर असेल तर दुसऱ्याच्या नावावर करा किंवा बंद करून राउटर परत द्या. गॅसचा सिलिंडर तुमच्या नावाचा असेल तर तो मागे ठेवू नका, एजन्सीत जाऊन कनेक्शन ट्रान्सफर करा.

तिघांनी मिळून फ्रिज आणि वॉशिंग मशीन घेतलंय. माझा वाटा?

आज तसलीच जुनी वस्तू किती रुपयांना मिळते ते बघा, त्याला तीनने भागा, तेवढं मागा. घेतलेल्या किमतीने मागू नका. फ्रिज १८,००० चा घेतला होता आणि चार वर्षं झाली, आता तो ६,००० ला जाईल, तुमचे २,०००. एवढ्यासाठी मैत्रीत खडा पडू देऊ नका, नवीन माणूस वाटा विकत घेत असेल तर उत्तम, नाहीतर मी सोडून द्यायला सांगेन.

मी ऑगस्टमध्ये जर्मनीला चाललेय, सह्या नंतर केल्या तर चालतील?

नका करू असं. ऑनलाइन नोंदणीत आधारवर आधारित अंगठा आणि फोटो लागतो, फ्रँकफर्टहून तो कसा देणार? नवीन करारात तुमचं नाव नसल्याने त्यासाठी तुमचा अंगठा लागणार नाही, पण जुना संपवायच्या पानावरची तुमची सही आणि डिपॉझिटचा हिशोब विमानात बसायच्या आधी उरका. व्हिसाची तारीख आली की त्याच दिवशी मालकांना फोन करा. काहीच जमलं नाही तर आईवडिलांपैकी कुणाला तरी तुमच्या वतीने सही करायचा अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र करून ठेवा.

रूममेट चिडलेत, म्हणतात तू आम्हाला अडचणीत टाकून चाललास.

त्यांचं चुकत नाहीये. तुमचं नवीन शहर, नवीन पगार, आणि त्यांच्या वाट्याला अनोळखी माणूस आणि कदाचित दोन महिने जास्तीचं भाडं. ऐकून घ्या. तारीख पक्की सांगा आणि ती बदलू नका, कारण "बहुतेक पंधरा तारखेला, नाहीतर महिन्याच्या शेवटी" या तळ्यातमळ्यातचा त्रास जाण्यापेक्षा जास्त होतो. पैशांचं सगळं एका कागदावर लिहून तिघांनी बघा. ज्याने भाडं थकवलं होतं त्या माझ्या मित्राला मी जाताना एकदाही "तुझं जमेल ना रे एवढं भाडं?" असं विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्याने कदाचित सांगितलं असतं, आणि आम्ही तिघांनी मिळून स्वस्तातला फ्लॅट शोधला असता.

एचआरएसाठी (घरभाडे भत्त्यावरच्या टॅक्स सवलतीसाठी) काय काय घेऊन ठेवू?

तुम्ही राहिलात त्या महिन्यांच्या भाड्याच्या पावत्या तुमच्या नावाने, तुमच्या वाट्याच्या रकमेच्या, आणि वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर जात असेल तर मालकांचा पॅन नंबर. नवीन कंपनी फेब्रुवारीत मागते तेव्हा जुन्या मालकांना फोन करून पॅन मागणं फार अवघडल्यासारखं होतं. जुन्या टॅक्स रेजिममध्ये असाल तरच याचा उपयोग, हे धरून चाला.

पत्ता बदलायची घाई आहे का?

आहे. बँक, क्रेडिट कार्ड, विमा, कंपनीचं पीएफ रेकॉर्ड आणि आधारवर जुन्या फ्लॅटचा पत्ता टाकला असेल तर तेही. माझं नवीन डेबिट कार्ड वाकडच्या वॉचमनदादांकडे दोन महिने पडून होतं, त्यांनी जपून ठेवलं म्हणून मिळालं. सोसायटीच्या गेटच्या अ‍ॅपमधून स्वतःचं नाव काढायला सांगा, पार्किंगचा स्टिकर परत द्या, आणि तुमचा नंबर वॉचमन आणि शेजारच्या काकूंकडे देऊन ठेवा, कुरिअर आलं तर त्याच फोन करतात.